येथे बसू नये

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण सध्या पाठ वाकत नाही. कारण पुढे येईलच.) आपलं ब्लडप्रेशर उतरलं असेल अशी आशा आहे. हे वाचून ते पुन्हा चढेल, म्हणून आधी गोळी घ्या आणि मामींना जवळ बसवून मग वाचा.

आपण स्मारक समितीचे चिटणीस आणि नेमके नव्या दालनाच्या उद्घाटनालाच आजारी पडलात, म्हणून सगळे हळहळले. मी म्हणतो, सुटलात! ज्यांचं हे स्मारक, त्या थोरल्यांनी हातात साधी काठी न घेता परक्यांचं राज्य घालवलं ते याच परवाना कचेरीच्या पायरीवर बसून. आत जायला दार एकच, म्हणून तर त्यांनी ही जागा निवडली. एकोणीस दिवस बसले. शिपायांनी अकरा वेळा उचलून नेलं, अकरा वेळा परत येऊन बसले. (इथला गाइड म्हणून मी हे दिवसातून चाळीस वेळा सांगतो. तेही उभ्याने, कारण पवित्र वास्तूत खुर्ची नको, असा आपल्या समितीचा ठराव आहे.) आणि त्याच पायरीवर आपण पाटी लावली, 'येथे बसू नये. ओलांडून आत यावे.' थोरले आज आले असते तर त्यांनाही मीच हटकलं असतं.

आता आपल्या झाडूवाल्या मावशी. बावीस वर्षं ही वास्तू पुसतायत, गुडघे पार कामातून गेलेत. गेल्या महिन्यात लादी पुसून झाल्यावर दोन मिनिटं त्या पायरीवर टेकल्या. एका कर्तव्यदक्ष माणसाने लेखी तक्रार केली आणि आपण मावशींना कामावरून काढलंत. झालं, पायरीचं पावित्र्य वाचलं.

सोमवारी सकाळी दहाला मंत्रिमहोदय आले, तर मावशी पायरीवर बसलेल्या, पाटी मांडीवर. अध्यक्ष आणि मी आत, कात्री आत, रिबीन आत, मंत्री बाहेर. कॅमेऱ्यांसमोर बाईमाणसाला ओलांडणार कोण? इन्स्पेक्टर पुढे झाले, तर मावशींच्या डोक्यावर भिंतभर चित्र : शिपाई थोरल्यांना उचलतायत. (ते एवढं मोठं करा, हा हट्ट अध्यक्षांचाच.) फोटोवाल्यांनी दोन्ही एका फोटोत मावावीत म्हणून दोन पावलं मागे घेतली. इन्स्पेक्टरनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्यांकडे, आणि टोपी काढून घाम पुसला. मंत्र्यांनी मग थोरल्यांच्या सहनशीलतेवरचं भाषण रस्त्यातूनच सुरू केलं. तिसऱ्या पानावर त्यांचीच सहनशीलता संपली आणि ते गाडीत बसून गेले. त्यागमूर्ती अध्यक्ष खिडकीतून बाहेर पडायला गेले आणि कमरेशी अडकले. अर्धे स्मारकात, अर्धे लोकांत!

मावशी एवढंच म्हणाल्या, "ज्याने लिहिलं त्याने कागद मागे घ्यावा. तोवर माझं बरं चाललंय." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मीही बघितलं, जरा जास्तच.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. तक्रार मीच केली होती, हे आपल्याला ठाऊकच आहे. ती लेखी मागे घेतली. तत्त्वबित्त्व काही नाही हो, घरी जायचं होतं आणि दार एकच.

ता. क. दुसरा. पेपरातल्या फोटोत मावशींच्या शेजारी बसलाय तो मी नव्हे, असं आईला सांगा. बाहेर पडताना बूट घालायला दोन मिनिटं टेकलो, एवढंच. तो सोमवार होता. आज गुरुवार. मामा, चार वर्षं मी लोकांना 'एकोणीस दिवस' असं धडाधड म्हणून दाखवत होतो. फार असतात हो एकोणीस दिवस. मला लाज वाटते.

ता. क. तिसरा, आणि खरं काम. माझा कागद मागे घेऊन भागत नाही. मावशींना काढल्याच्या हुकमावर सही आपली आहे. तो रद्द केल्याचं पत्र पोस्टाने पाठवू नका, पोस्टमनही इथेच बसलाय (गुडघे त्यालाही आहेत). स्वतः घेऊन या. येताना मावशींसाठी एक उशी आणा, दगड फार गार आहे. आणि पत्र आणणार नसाल, तरीही या. तुमच्या जागेवर मी रुमाल टाकून ठेवलाय.