परतीचा पट्टा

वासणा, बडोदे
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सौमित्र,

स. न. वि. वि. बायकोने नवऱ्याला विनंती विशेष लिहावी म्हणून तू हसशील, पण आज खरोखर विनंती आहे. खाणीवर फोन लागत नाही. लागला असता तरी हे फोनवर जमलं नसतं, म्हणून ऑफिसच्या मंगळवारच्या गाडीने, नकाशांच्या नळीत हे पत्र.

आई बऱ्या आहेत. इराने कॅलेंडरवर बाबा येणार त्या तारखेला, होळीच्या आदल्या दिवशी, सूर्य काढलाय.

आता मुख्य. खाणीपासून कारखान्यापर्यंत सात किलोमीटर चुनखडी नेणारा तुमचा पट्टा माझ्या हिशेबावर उभा आहे. चालून चालून पट्टा लांबतो; तो सैल पडू नये म्हणून वजनाची गाडी त्याला ओढून धरते, आणि तिला मागे सरकायला जागा लागते. मी सातच किलोमीटर धरले. माल टाकून रिकामा परत येणारा पट्टा, आणखी सात, विसरलेच. जागा अठरा मीटर हवी, मी नऊ दिली.

शनिवारी सापडलं. आज फक्त शेजारच्या टेबलावरच्या पीयूषभाईंना सांगितलं. ते म्हणाले, चालशे बेन, वर्षभर काही होत नाही. खरं सांगते, मलाही तसंच वाटून घ्यावंसं वाटलं. साहेबांना सांगितलं तर रूळ वाढवणं आलं, नवा पाया आला, आणि तुझं येणं अक्षय तृतीयेपर्यंत गेलं. पाच महिने झाले तुला जाऊन. मी गप्प आहे ती तुझ्यासाठी की माझ्या लाजेपायी, हे मला ठरवता येत नाही. तू काय म्हणतोस?

तुझी
अवंती

*

खाणीवरून
८ फेब्रुवारी

प्रिय अवंती,

अ. उ. आ. लिहिणार होतो, पण आशीर्वाद द्यायची सध्या माझी लायकी नाही.

ती जागा मी डिसेंबरातच टेप लावून मोजली होती. वहीत लिहिलं, 'नऊ मीटर, विचारणे'. विचारलं नाही. तुझा हिशेब चुकत नाही, असं मनाला सांगितलं. त्याच आठवड्यात रजा मंजूर झाली होती, हेही खरं.

चाचणीसाठी पट्टा रोज तासभर रिकामा चालवतो. कारखान्याकडून तो परत येताना मी उगाच बघत उभा राहतो. इथला आचारी सगळ्यात साखर घालतो. मला वाटायचं, बडोद्यात राहून मला सवय झालीय. नाही झाली.

साहेबांना सांग. वहीचं पान सोबत आहे, तेही दे. इराला मीच लिहिलंय.

तुझाच
सौमित्र

*

वासणा, बडोदे
११ फेब्रुवारी

प्रिय सौमित्र,

दोन्ही कागद दिले, माझा चुकलेला हिशेब आणि तुझ्या वहीचं पान. साहेब ओरडले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले, ते जास्त लागलं. पाया उद्यापासून खणायचा. पीयूषभाईंनी न सांगता माझे बाकीचे हिशेब तपासायला घेतलेत.

इराने तुझी चिठ्ठी वाचली. सूर्य खोडला नाही. म्हणाली, नव्या तारखेला दुसरा काढीन. आईंनी जाहीर केलंय, सौमित्र येईल तेव्हा होळी, तोवर पुरण शिजणार नाही.

येताना रावपुऱ्यात उतरले, सेव-उसळ खायला. सवयीने दोन प्लेट सांगून बसले. समोर ठेवल्यावर परत कशा करायच्या? दोन्ही खाल्ल्या. दुसरी सावकाश.

नवा नकाशा नळीत आहे. गाडीला वीस मीटर जागा दिलीय. या वेळी परतीचा पट्टा आधी मोजला, मग जाणारा.

लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही. तू ये.

तुझी
अवंती