‘नाही’च्या पुढचं वाक्य

५ मार्च, बुधवार
राखेचा बुधवार. चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून थेट ड्यूटी. रिसेप्शनवर बसायचं म्हणून कपाळावरची राख गाडीत पुसली. लगेच वाईट वाटलं.
मटण-मासे सोडणं दरवर्षीचंच. यंदा उपवासकाळात शुभवर्तमानातलं एकच सांगणं अक्षरशः पाळायचं: हो तर हो, नाही तर नाही. त्यापुढचं सगळं सैतानाचं.
फिलोला सांगितलं. वसईत आमची घरं एकाच आळीत, इथे आखातात खोली एक, क्लिनिकचं काउंटरही एक. हसली मेली. “तू? चाळीस दिवस? बघूच या!”

९ मार्च, रविवार
फिलोने नवा ड्रेस घालून दाखवला. “कशी दिसते?”
“जाड.”
संध्याकाळपर्यंत अबोला. मग चहा मात्र दोघींचा केला.

१३ मार्च, गुरुवार
फिलो ‘आजारी’. म्हणजे लग्नाचा वाढदिवस. नवरा लांब दुखान गावी कंपनीच्या खोलीत राहतो, आज गाडी घेऊन आला. दोघं समैस्माला, बीचवर. तिची ड्यूटी माझ्या गळ्यात. रमजानचं टायमिंग, त्यात पेशंटची ही गर्दी.
क्लिनिकच्या मॅनेजर मॅडमनी विचारलं, “फिलो सच में बीमार है?”
“नहीं.”
पाळलं! अवघड होतं, तरी पाळलं.

१४ मार्च, शुक्र.
काल सगळं लिहिलं नाही.
‘नहीं’वर मी थांबले नव्हते. “समैस्मा गई है मॅडम, हस्बंड के साथ. बीच पे.”
कोणी विचारलं होतं का? पाय दुखत होते, राग आला होता, आणि तिचा नवरा तिला न्यायला आला याचा जळफळाट. हो, जळफळाटच. जीभ आवरली नाही. पुढचं सगळं सैतानाचं, हे मलाच पाठ होतं ना?

२० मार्च, गुरु.
फिलोचं काँट्रॅक्ट रिन्यू करणार नाहीत. महिनाअखेर खलास. रडून रडून डोळे सुजलेत तिचे.
“बीचचं त्यांना कळलं कसं गं? तू तर नाही ना सांगितलंस?”
“नाही.”
या वेळी पुढे एक शब्द बोलले नाही.
जेवले नाही. उपवास म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

२१ मार्च, शुक्र.
कन्फेशनची रांग. माझ्या मागेच फिलो. “पाणी पिऊन येते” म्हणून सटकले ती मिस्सा सुरू झाल्यावरच आत आले. लाज वाटते. फादरपुढे बोलायची नाही, तिच्याकडे बघायची.

२२ मार्च, शनि.
फिलो म्हणाली, “उद्या मॅडमशी माझ्यासाठी तू बोल ना. तू खोटं बोलत नाहीस, साऱ्या क्लिनिकला ठाऊक आहे. तुझं ऐकतील.”
“हो,” म्हटलं. म्हणून बसले.
“मीपण येते आत. तुझ्या शेजारी उभी राहीन.”
दहाला जायचंय. माझ्या युनिफॉर्मला तिनेच इस्त्री करून ठेवलीय.