फवाऱ्याचं विसण

भवानी पेठ, सोलापूर
चैत्र वद्य पंचमी

वडीलबंधूसमान आबासाहेब यांच्या पायांवर धाकट्या मेहुण्याचं, म्हणजे रावजीचं, डोकं.

इकडे मी सुखरूप आहे. पाठीची साल तेवढी गेली, बाकी सुखरूप. वहिनींचा गुडघा, तुमचा खोकला आणि तांबडी गाय, तिघांचीही खुशाली कळवावी. आमची दोन्ही पोरं तुमच्या उसाच्या फडात हुंदडत असतील. तुमची बहीण मुक्ता माळशिरसला येऊन आज अठरा दिवस झाले. (मी मोजत नाही. भिंतीवर कोळशाच्या रेघा दिसतात, त्यावरून म्हणतो.)

तिनं तुम्हाला काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून मुळापासून लिहितो. माघात गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर नळ दुरुस्त करायला गेलो होतो. तिथं न्हाणीच्या छतातून पाणी पडतं, आबासाहेब. भिंतीला दोन चाव्या, एक ऊन पाण्याची, एक गार पाण्याची. हवं तसं फिरवा आणि खाली नुसतं उभं राहा, ना तांब्या ना बादली. मी अर्धी घटका त्या फवाऱ्याकडे बघत राहिलो, साहेबाचा नळ तसाच गळत राहिला. तेव्हापासून बॉयलरपाशी उभा असलो तरी डोळ्यांपुढे तेच पाणी. कानात गिरणीचा खडखडाट आणि मनात तुमच्या शेतातला पाट वाहतोय, त्यात मी उताणा पडलोय, असं व्हायचं. मुकादमानं दोनदा हटकलं.

शेवटी पाडव्याच्या मुहूर्तावर घरी फवारा उभा केला. छपरावर गार पाण्याचं पिंप, गंजू नये म्हणून त्याला डांबराचे दोन हात. ऊन पाण्यासाठी आपला तांब्याचा बंब फळी ठोकून उंच चढवला. दोन्हीकडच्या नळ्या एकत्र आणून टोकाला भोकं पाडलेला डबा. तांबडी चावी उनाची, निळी गारची. अंगात वारं शिरलं होतं. मुक्ताला म्हणालो, चौदा वर्षं तू माझ्या बादलीत विसण घालतेस, कढत पाण्यात गार ओतून हात बुडवून बघतेस, आता ते सुटलं, तुझी गरज उरली नाही. (मला विसणाची गरज म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते निघालं.) ती हसली नाही, रागावलीही नाही. एवढंच म्हणाली, "बरं झालं की. माजा हात मोकळा झाला. आबाकडं जाऊन येते." दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन मोटारीत बसली.

मग मी एकटा आणि माझा फवारा. पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आलो, तांबडी चावी जरा उघडली, पाणी चटका देणारं. म्हणून निळी उघडली, तर त्याहून कढत! आणखी उघडली, आणखी कढत. सूत कातणाऱ्या बाराशे चात्यांना वाफ पुरवणारा फिटर मी, पण तीन दिवस दोन्ही चाव्या खोलल्या, आतली चामड्याची वादी बदलली, नळ्यांची अदलाबदल केली. चौथ्या दिवशी माझी बोंब ऐकून शेजारची ईरम्मा कुडावरून डोकावली. म्हणाली, "अवो फिटर, चैताच्या उनात दगूड फुटतोय, आन तुमचं काळं पिंप तेवढं गार ऱ्हाईल व्हय?" पिंपाला ओलं गोणपाट गुंडाळलं. गार पाणी गार झालं.

त्या दिवशी आबासाहेब, चांगली पाच मिनिटं मला स्वर्ग लाभला. डोळे मिटले तर पाणी डोक्यावरून उतरतंय की मी पाण्यावरून, कळेना. पण बंबात कोळसा घालायला कोणी नव्हतं. पाणी कोमट झालं, मग गार, मग शहारे आणणारं. मी हलेना. तिथंच उभ्या उभ्या मला आठवलं की आमच्या घरी सगळ्यांच्या मागून मुक्ता न्हाते. आधी मी, मग पोरं. तिची पाळी येईतो बंब विझलेला असतो. चौदा वर्षांत तिला कोणी विसण घातलं नाही, कारण तिच्या पाण्याला विसण लागलंच नाही. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

असो. यंत्र उत्तम चाललं आहे. काळजी नसावी.

आपला,
रावजी

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की, एका बादलीला विसण किती तांबे, हे मुक्ताला विचारून कळवावं.

दुसरा ता. क. विचारू नका. ती म्हणेल, हात घालून बघा. यंत्र परवाच उतरवलं. तिला पाठवा.

तिसरा ता. क. (हा तिला मोठ्यानं वाचून दाखवावा. तुम्हाला संकोच वाटला तर वहिनींकडून वाचवून घ्यावा.) मुक्ता, बंब मी पेटवीन. विसण मी घालीन, हात बुडवून बघीन. तू आधी न्हा. उरलेल्यात माझं होतं.