नाव कोणतं दाखवायचं

शांती नगर, मीरा रोड
११ नोव्हेंबर २०२४

चि. इशितास,
अ. उ. आ.

पत्र बघून हसशील. पण तू फोनवर सेटिंग सांगतेस तेव्हा फोन माझ्या कानाला असतो, आणि कानाला लावलेल्या फोनमधलं सेटिंग बघायला मला तिसरा डोळा नाही. स्पीकरवर टाकावा तर बाहेरच्या खोलीतून तुझे आतोबा विचारतात, काय चाललंय. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. तेव्हा कागदावर लिहून पाठव, म्हणजे समोर ठेवून एकेक करीन.

दिवाळीत तू उघडून दिलेला ब्लॉग जागेवर आहे. त्याला 'टँकरची रांग' असं नाव दिलंय. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा नातेवाईक विचारायचे, मीरा रोड म्हणजे नक्की कुठे? त्या वेळच्या हंडे-कळश्यांवर पहिला लेख लिहून झाला. मात्र वर तारीख कालची पडतेय. हे कसं, ते तूच जाणे.

खरी अडचण पुढेच आहे. लेखाखाली कोणतं नाव दाखवायचं, असं तो विचारतो. माहेरची मी मृणालिनी, लग्नात वासंती झाले. रेशनकार्डापासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळीकडे वासंती. पण शाळेच्या हस्तलिखितात लिहायची ती मृणालिनी. वासंतीने आजवर वाणसामानाच्या याद्याच लिहिल्या. तुझे बाबा गेले आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मला तेच नाव लावायचंय गं. पण ह्यांना राग आला तर? म्हणतील, म्हातारपणी नवऱ्याने दिलेलं नाव टाकलं.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ असावा, पण तो तुझ्या उत्तरांसारखा उशिरा नसावा.

तुझी,
आत्या


रत्नागिरी
१८ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

घे, समोर ठेव. वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत. त्या दाबल्यास की खाली 'सेटिंग्ज' येतं. आधी वेळ बदल. तुझा ब्लॉग अजून अमेरिकेच्या घड्याळावर चाललाय. यादीतून भारताची वेळ निवड, तारीख ताळ्यावर येईल. मग 'वाचक' उघडून 'सर्वांसाठी' कर, नाहीतर तुझी रांग तुला एकटीलाच दिसेल. प्रतिक्रियांवर मी दिवाळीतच मंजुरी लावून ठेवली आहे. म्हणजे कुणी काही लिहिलं तर ते आधी तुझ्याकडे थांबेल आणि तू हो म्हटल्यावरच लोकांना दिसेल. जगात टवाळखोर काही कमी नाहीत. ते कुठे बघायचं ते सावकाश सांगते, आधी कुणी वाचू तर दे.

आता नाव. ते केव्हाही बदलता येतं, ब्लॉगचा पत्ता तेवढा बदलू नये. पण मला विचारशील तर मृणालिनीच लाव. तुझा फोन आला की बाबा 'बोल मृणाल' म्हणायचे, तेव्हा ते एकदम लहान भाऊ वाटायचे. मलाही ती हाक ऐकू येईनाशी झालीय. आतोबा रागावले तर खुशाल माझ्यावर ढकल. ते रागावलेले मी एकदाच पाहिलेत, आणि तेव्हा पापलेट शिळं निघालं होतं.

आशीर्वाद असू द्यावा आणि पासवर्ड मिसळणाच्या डब्यावर चिकटवू नये.

तुझी,
इशिता


शांती नगर, मीरा रोड
३ डिसेंबर २०२४

चि. इशितास,
अ. उ. आ.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. तारीख सुधारली. नाव मृणालिनी लावलं आणि डोळे मिटून बटण दाबलं. समोरच्या ममताला नुसता लेख दाखवला, कुणाचा ते सांगितलं नाही. तिने तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, की किसी मृणालिनीने अपने सेक्टर का लिखा है, सब लोग पढ़ो.

रविवारी हे सकाळी भाईंदर पश्चिमेला जाऊन बोंबील घेऊन आले आणि चहाला बसल्यावर फोन काढून लेख मोठ्याने वाचू लागले. मला वाटलं, आता राग निघणार. पण ते हसत होते. बाई खरं लिहिते म्हणाले, अगदी झाकण हरवलेल्या ड्रमासकट. मग माझ्याकडे बघून विचारलं, ही मृणालिनी कोण गं, तुझ्या ओळखीची असेल.

मी कपबशा उचलून आत गेले. इशिता, रागावले असते तरी चाललं असतं. त्यांना ते नाव आठवलंच नाही. ज्या घरात इतकी वर्षं काढली तिथे मृणालिनी नावाची कुणी आलीच नव्हती म्हणायची. लेखाखाली प्रतिक्रियाही शून्य दिसतात. हौस फिटली. ब्लॉग पुसून कसा टाकायचा तेवढं लिहून पाठव.

तुझ्यावर राग नाही, लोभ आहे तसाच आहे.

तुझी,
आत्या


शांती नगर, मीरा रोड
५ डिसेंबर २०२४

चि. इशितास,
अनेक आशीर्वाद.

माझं पत्र बघून घाबरू नये, प्रकृती ठीक आहे. तुझी पाकिटं खालच्या पेटीतून मीच वर आणतो आणि तुझ्या आत्याच्या चष्म्याखाली ठेवतो. उघडत नाही. मला काही कळत नाही असा तिचा समज आहे, आणि तो मी बरीच वर्षं जपला आहे.

ज्या मुलीला बघायला मी चिपळूणला गेलो, तिचं नाव मृणालिनी होतं. वासंती हे माझ्या आईने ठरवलं, तांदळात अंगठीने मी लिहिलं. तिला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. आणि एवढं करून त्या नावाने मी हाक तरी कुठे मारली? आमच्यात बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती, 'अगं'वरच संसार झाला. ग्रुपवर ते नाव दिसलं तेव्हा लेख उघडायच्या आधीच मी ओळखलं. रविवारी मुद्दाम विचारलं, ही कोण गं? वाटलं, आता हसत सांगेल. ती उठून आत गेली ती अजून गप्पच आहे.

शेवटी लेखाखाली प्रतिक्रिया लिहिली, तर ती 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' आहे. ऑफिसात साहेबाची सहीसुद्धा इतकी रखडत नसे. माझं काही चुकलं म्हणून तिने अडवून ठेवली आहे का, ते तिला कळू न देता मला कळव. मला करमत नाही.

लोभ वाढवण्याइतकी जागा आता कागदावर नाही, पण आहे.

तुझा,
काशीनाथ आतोबा


रत्नागिरी
१० डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पुसायची पद्धत सांगते, पण क्रमाने कर. तीन रेघा दाब. तिथे 'प्रतिक्रिया' असं लिहिलेलं दिसेल, ते उघड. मग 'मंजुरीच्या प्रतीक्षेत' दाब. तिथे जे असेल ते आधी वाच. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, कान माझे पकड. वाचूनही पुसावंसं वाटलं तर पुढची पायरी कळवीन.

माया कमी होऊ देऊ नये, वाटल्यास दोन शिव्या घालाव्यात.

तुझी,
इशिता


शांती नगर, मीरा रोड
१५ डिसेंबर २०२४

चि. इशितास,
अ. उ. आ.

पुढची पायरी नको.

तिथे एकच प्रतिक्रिया होती. त्यांनी लिहिलं होतं, मृणालिनी, रांगेत तुझ्या मागे दुसरा हंडा घेऊन मी उभा असायचो ते लिहायचं राहिलं, पुढच्या लेखात घे. खाली पूर्ण नाव, ऑफिसात सही करायचे तसं. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून पोटभर रडले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! माणूस आठवडाभर माझ्या दाराशी उभा होता आणि मी त्यालाच नावं ठेवत होते.

मग डोळे पुसून मंजुरी दिली. बाहेर त्यांचा फोन टिंग वाजला, मंजुरी पोचली असणार. जरा वेळाने त्यांनी मला हाक मारली, मृणालिनी अशी. आवाज इतका चाचरत होता की मला वाटलं, कुणी पाहुणाच आलाय. चहा मिळेल का, असं विचारत होते. मी आतूनच सांगितलं, मृणालिनी लिहायला बसली आहे. मग ओट्याशी एकामागून एक डबे उघडल्याचं ऐकू आलं, आणि साखर कुठे ठेवतेस म्हणून त्यांनी विचारलं, तेही नावाने हाक मारून.

लोभ आहे, आणि आता तो दोघांचाही समज.

तुझी आत्या,
मृणालिनी