भिंतीच्या पोटातला भुसा

पाथर्डी तालुका,
११ मे १९७३

प्रिय सूर्यभान,

तुझं पत्र मिळालं. आईची चौकशी एका ओळीत, भिंतीची दोन पानांत. धन्य आहेस बाबा! ओव्हरसीअर तू झालास पुण्यात, आणि तुझ्या शहाणपणाची परीक्षा देतोय आम्ही दोघी मायलेकी. काँक्रीटच्या दोन भिंती, मध्ये वीतभर पोकळी, तिच्यात गव्हाचा भुसा ठासलेला. घर उन्हाळ्यात गार राहील म्हणालास. पण त्या भिंतीत खिळा शिरत नाही, कोनाडा नाही, दिवा ठेवायचा कुठं? वर रोज दुपारी दोनला आतला आणि अंगणातला पारा वाचून तुला कळवायचा. विहिरीला थेंब नाही. मी हंडा घेऊन टँकरमागं पळू की पारा बघत बसू?

होळीपर्यंत घर गार होतं, खोटं कशाला बोलू. शेजारची झुंबरबाई दुपारचं निवडण घेऊन आमच्याकडेच येऊन बसायची. तेव्हाचे आकडे खरे आहेत.

मग कडबा संपला. आपली मोरी गाय गाभण, तिला गुरांच्या छावणीत धाडायला आई तयार नाही. एका दुपारी भिंतीकडं बघत म्हणाली, “भिंतीला भूक लागत न्हाई, पुष्पे. गायीला लागती.” मी खूप भांडले. पण कणगीला खाली असतं तसं भोक तिनं छिन्नीनं पाडलंच, त्याला चिंधीचा बोळाही लावला. रोज पाटीभर भुसा निघायचा. वाळवी लागू नये म्हणून तू घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्यानं मोरी आधी तोंड वाकडं करायची, मग मुकाट्यानं खायची. गेल्या आठवड्यात भिंत रिकामी झाली.

तुझा जीव तुटेल म्हणून मी तुला कळवलं नाही. बाहेरचा पारा वाचायचे आणि आतला मनानंच दहा अंश कमी लिहायचे. आता तू लिहितोस, माझ्या आकड्यांवर तशाच चाळीस खोल्यांचं वसतिगृह बांधणार, पंचवीस तारखेला साहेबांची सही. अरे, त्या खोल्यांत पोरं राहणार! होळीनंतरचे माझे सगळे आकडे खोडून टाक. काल खरंच वाचला: बाहेर एक्केचाळीस, आत चाळीस. रागवायचं तर माझ्यावर रागव, आईला बोलायचं नाही. मोरी परवा व्याली, कालवड झालीय. तू ये, आणि येताना दोन पोती भुसा आण. भिंतीत भरायचा की गायीपुढं टाकायचा, ते आईशी तूच भांड.

तुझीच, पुरती वैतागलेली,
पुष्पाअक्का