माझ्या लष्करी नोकरीबाबत खरा मजकूर

घाटकोपर (पश्चिम),
रविवार, ता. ९ ऑगस्ट १९८७

तीर्थरूप धोंडिराममामांस, टेकडीवरच्या शकुचा सविनय जयभीम.

तुमच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटली हे गावाहून आलेल्या अंबादासकडून कळलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं असं डॉक्टर म्हणाले की तुम्हीच ठरवलं, तेवढं कळवावं. चंपामामींच्या गुडघ्यासाठी अण्णांनी तेल दिलं आहे. ते चोळायचं आहे, मागच्या बाटलीसारखं दिव्यात घालायचं नाही. इकडे अण्णा, मी आणि धाकटी कुंदा बरे आहोत. आईला खोकला आहे, पण तसं लिहू नको असं ती म्हणते. म्हणून तिला खोकला आहे आणि ती नाही म्हणते, असं दोन्ही लिहिते.

पट्टी सुटली तरी बारीक अक्षर तुम्हाला अजून दिसत नाही, त्यामुळे हे पत्र नाना गुरुजी वाचून दाखवतील आणि ऐकायला अर्धी वस्ती ओट्यावर जमेल, हे मी धरून चालले आहे. तेव्हा कंसातला मजकूर गुरुजींनी मनात वाचावा आणि लोक उठून गेल्यावर मामांना सांगावा. (गुरुजी, नमस्कार. हा पहिला कंस. इथे पाणी प्यायचं निमित्त करावं.)

आता नोकरीचं. पहिल्या जुलैपासून मी एका लष्करी डेपोच्या शिस्त विभागात विधी सहायक म्हणून लागले आहे. डेपो कुठला ते लिहीत नाही, कारण गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. (बसचा कंडक्टर त्याचं नाव रोज अख्ख्या बसला ओरडून सांगतो, पण त्याची बहुतेक सही नसावी.) नोकरी अजून कच्ची आहे. नेमणुकीच्या पत्रात लिहिलं आहे की चारित्र्याची आणि मागल्या इतिहासाची पोलिसांकडून पडताळणी होईल, ती समाधानकारक आली तर नोकरी पुढे चालेल, नाही तर कारण न देता संपेल. हे वाक्य मी रोज सकाळी एकदा वाचते. त्याने काही फरक पडत नाही, पण वाचल्याशिवाय निघवत नाही.

मला हीच नोकरी का, हे तुम्हाला सांगायला नको, पण ओट्यावरच्या मंडळींना सांगावं. मी सात वर्षांची असताना तुम्ही पलटणीतून रजेवर आला होतात आणि स्टोअरमधल्या हरवलेल्या कांबळ्यांची हकीकत अण्णांना सांगत होतात. आत तीन साहेब बोलत होते, तुम्ही दाराबाहेर सावधानमध्ये उभे होतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या बाहीवरची एक फीत गेली. पुढल्या वर्षी खरा चोर सापडला, फीत परत आली. पण तुम्ही म्हणालात, "आत आपल्या बाजूनं बोलणारं एक माणूस असतं, तर बरं झालं असतं." मी तेव्हा पाटीवर बाराखडी काढत होते. आपल्या घरात त्याआधी कोणी पाटी धरलेली नव्हती, त्यामुळे पाटी धरल्यावर काय काय करता येतं याचा मला अंदाज नव्हता. ते आतलं माणूस आपण व्हायचं, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

गेल्या वर्षी वकिलीची परीक्षा पास झाले, तेव्हा अण्णांनी देवनारहून, म्हणजे त्यांच्या कत्तलखान्याच्या फाटकावरच्या चौकीतून, वर्तमानपत्राचा एक तुकडा आणला. अण्णांना वाचता येत नाही, पण तुमच्या बिल्ल्यावरच्या आडव्या तलवारी त्यांना ओळखता येतात. तलवारी दिसल्या म्हणून त्यांनी कागद हातानेच फाडून खिशात घातला. लष्कराला वकील हवे होते. कायद्याची पदवी, वय सत्तावीसच्या आत. मी तेवीस वर्षांची. सगळं जुळत होतं. त्या दिवशी आईने गोड केलं आणि साखरेच्या डब्यात मुंग्या होत्या हे कोणी काढलं नाही.

अर्जाबरोबर गॅझेटेड अधिकाऱ्याने सही केलेल्या नकला आणि तीन वर्षांच्या ओळखीवर दिलेला चारित्र्याचा दाखला लागतो. आपल्या ओळखीत गॅझेटेड माणूस एकच, अण्णांच्या फाटकातून रोज जाणारे सरकारी जनावरांचे डॉक्टर. ते लगेच सही करत होते. मीच त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "साहेब, तुम्ही अण्णांना अकरा वर्षं ओळखता. मला ओळखता असं कसं लिहाल?" डॉक्टरांनी पेन ठेवलं. म्हणाले, "पोरी, बोकड मी दोन मिनिटांत पास करतो, तो कधी तक्रार करत नाही." मग त्यांनीच आठवून सांगितलं की मी शाळेत असल्यापासून दर शनिवारी अण्णांचा डबा घेऊन येते आणि फाटकाच्या आत पाऊल न टाकता हाक मारते, कारण पाटीवर 'परवानगीशिवाय प्रवेश बंद' असं लिहिलं आहे. "हे चारित्र्य नाही तर काय आहे?" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. (शिक्का पशुवैद्यकीय आहे. मजकुरात 'निरोगी' हा शब्द सवयीने पडला आहे. मी तो खोडला नाही, कारण खोटा नव्हता.)

पण खरी पंचाईत बाराव्या रकान्यात झाली. 'आपणास कधी अटक झाली आहे काय, अथवा ताब्यात घेतले आहे काय?' मामा, तुम्हाला आठवत असेल, एकोणऐंशीच्या मे महिन्यात टेकडीवर अठरा दिवस पाणी चढलं नव्हतं आणि बायकांनी वॉर्ड ऑफिसवर हंडा मोर्चा नेला होता. आईबरोबर मीही गेले होते. आम्हाला पोलिसांच्या गाडीत घातलं, चौकीत दोन तास बसवलं आणि सोडलं. आता ही अटक होती, की ताब्यात घेतलं होतं, की नुसतं बसवलं होतं? 'नाही' लिहावं तर लष्कराशी पहिलंच बोलणं खोटं. 'होय' लिहावं तर कदाचित तेही खोटं. तीन दिवस मी जेवताना हाच विचार केला. शेवटी आई म्हणाली, "ज्यांनी धरलं त्यांनाच विचार ना." म्हणून आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो.

टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "काय हरवलंय?"

मी म्हटलं, "काही नाही. मला अटक झाली होती का, हे विचारायचंय."

"कधी?"

"सात वर्षांपूर्वी."

"तुम्हाला ठाऊक नाय?"

"बसवलं होतं ते ठाऊक आहे. त्याला काय म्हणायचं ते ठाऊक नाही."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "चहा दिला होता का?"

"दिला होता."

"मग अटक नाय. अटकवाल्याला आपण चहा पाजत नाय."

"हे लेखी मिळेल का?"

"काय, चहाचं?" त्याने शेजारच्या शिपायाला हाक मारली. "अरे, इकडे ये, बघ. लोक रजिस्टरातून नाव काढून घ्यायला येतात, ह्या बाई घालून घ्यायला आल्यात."

एवढ्यात आई पुढे झाली. तिला माझ्या अटकेशी काही घेणं नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, माझा हंडा राहिलाय इथं. पितळेचा. काठाला पोचा आहे." त्या दिवशी सगळ्यांचे हंडे पोलिसांनी एका खोलीत ठेवले होते आणि आईचा परत आला नव्हता. हवालदार म्हणाला, "मावशी, पावती आहे का?" आई म्हणाली, "धरताना तू मला पावती दिलीस का?" त्याने शिपायाला चहाला पाठवलं. आम्हाला पुन्हा चहा मिळाला, म्हणजे अटक झाली नाही हे आता दोनदा सिद्ध झालं.

मी बाराव्या रकान्यात 'सोबत पुरवणी पाहावी' असं लिहिलं आणि चार पानांची पुरवणी जोडली. त्यात पाणी, मोर्चा, चहा, हंडा आणि हवालदाराचं मत, सगळं आलं. अर्ज दिल्लीला गेला. दीड महिन्याने उत्तर आलं, तीन ओळींचं. पद फक्त पुरुषांसाठी असल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही.

मी वाचनालयात जाऊन त्या तारखेचं वर्तमानपत्र काढलं. जाहिरातीच्या तळाला ती ओळ होती. अण्णांनी कागद फाडला तेव्हा तेवढी ओळ देवनारला राहिली. अण्णा दोन दिवस खाली बघून जेवत होते. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ती ओळ तुम्ही आणली असती तर मी अर्जच केला नसता, आणि दिल्लीत माझ्या नावाचा एकसुद्धा कागद नसता. आता आहे." ते म्हणाले, "असं असतं होय?" मला तरी कुठे ठाऊक होतं, पण मी होय म्हटलं. (आयुष्यात खात्री नसताना 'होय' म्हटल्याची ही एकच वेळ. गुरुजी, हे मामांना जरूर सांगा, मनावर ओझं आहे.) सहा महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा आली. या वेळी मी ती कात्रीने सरळ कापली, तळाची ओळ दोनदा वाचली आणि पुन्हा अर्ज केला. पुन्हा तीन ओळी आल्या. फाईल वाढते आहे.

मग डेपोची ही मुलकी जागा निघाली, तिला बायका चालत होत्या. तीच कागदपत्रं, तीच पुरवणी. मुलाखतीला तीन साहेब होते. मधल्या मेजरसाहेबांनी चारही पानं वाचली. कायद्याचा एकही प्रश्न विचारला नाही. मी सगळी कलमं घोकून गेले होते, ती तशीच परत आणली. त्यांनी फक्त विचारलं, "वो हंडा मिला क्या?" मी म्हटलं, "नहीं सर. लेते समय रसीद नहीं दी थी. देनी चाहिए थी." त्यांनी दोन्ही बाजूंच्या साहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "डेपो को यही चाहिए."

रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात चौकशी बसली. स्टोअरमधल्या ताडपत्र्या कमी भरल्या होत्या आणि त्या हवालदार दत्ताराम यांच्या ताब्यात होत्या. ते मालवणकडचे आहेत, पुढल्या वर्षी पेन्शनीत निघतील. माझं काम जबानी टाइप करायचं. प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं घ्यायचं असा नियम असल्यामुळे साक्षीदाराने नाक पुसलं तेही मी घेतलं. चौकशी घेणारे कॅप्टनसाहेब म्हणाले, "नाक छोड दो." मी सोडलं. पण दुसऱ्या साक्षीदाराची जबानी चालू असताना मान वर केली तर दत्ताराम खोलीत नव्हते. त्यांना बाहेर उभं केलं होतं.

मामा, माझी बोटं की-बोर्डावर थांबली. लष्कराचा नियम एकशे ऐंशी मला पाठ आहे. ज्याच्या अब्रूला धक्का लागेल त्याला चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावं, उलट प्रश्न विचारू द्यावे. पण माझी नोकरी कच्ची, मेजरसाहेब रजेवर, आणि टाइप करणाऱ्या बाईने बोलावं असं कुठल्याच नियमात नाही, तेही मी मनातल्या मनात तपासलं. मग उभी राहिले. खुर्ची मागे सरकून भिंतीला लागली. म्हटलं, "सर, हवालदार बाहर हैं. नियम के हिसाब से अंदर होने चाहिए." कॅप्टनसाहेब म्हणाले, "आप का काम टाइपिंग है." मी म्हटलं, "जी सर. आप का यह वाक्य भी टाइप करूँ?"

 त्यांनी पुस्तक मागवलं, नियम वाचला, पुन्हा वाचला आणि दत्तारामांना आत बोलावलं. चौकशी पहिल्यापासून सुरू झाली. त्यामुळे माझी एकतीस पानं फुकट गेली, ती मीच पुन्हा टाइप केली. दत्तारामांनी साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला, "रे, माझी रजा चालू असताना किल्ली कोणाकडं होती?" आणि ताडपत्र्यांचा पत्ता त्याच दुपारी लागला. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "बाय, तू कोणाची गो?" मी अण्णांचं नाव सांगितलं, मग तुमचं आणि तुमच्या पलटणीचं सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर." काय बरोबर ते विचारायचं राहिलं.

तर अशी नोकरी आहे. ती टिकावी एवढीच इच्छा. तुमच्या प्रकृतीला जपा. मामींना, नाना गुरुजींना आणि ओट्यावर बसलेल्या सर्वांना जयभीम.

तुमची भाची,
शकु
(शकुंतला भाऊराव खरात, बी.ए., एलएल.बी.)

ता.क. पडताळणीसाठी आपल्या गावीही पोलीस येणार आहेत, कारण पाच वर्षांची होईपर्यंत मी तुमच्याकडे होते आणि मी ते लिहिलं आहे. ते याच आठवड्यात येतील. त्यांना जे आहे ते सांगावं. जास्त चांगलं सांगू नये.

दुसरा ता.क. (हा कंस नाही असं समजून गुरुजींनी मोठ्याने वाचावा, शक्यतो उभं राहून.) परवा अंबादासने सांगितलं की मामांनी तालुक्याच्या पेंटरकडून आठ फुटी बोर्ड रंगवून घेतला आहे, 'कॅप्टन कु. शकुंतला भाऊराव खरात यांचे सहर्ष स्वागत', आणि तो पंधरा ऑगस्टला शाळेसमोर लागणार आहे, मी झेंड्याला सलामी देणार आहे. सर्व मंडळींना नम्रपणे कळवते की मी कॅप्टन नाही. मी मुलकी आहे. साडी नेसून जाते आणि फाटकावरचा शिपाई मला सलाम करत नाही, पिशवी उघडा म्हणतो. नसलेला लष्करी हुद्दा मिरवणं वाईट, आणि नेमके त्याच आठवड्यात पोलीस येऊन तो बोर्ड वाचणार. लष्करात नसताना लष्करी वेश घालणं गुन्हा आहे, पण बोर्ड म्हणजे कायद्याने वेश होतो का, हे मला अजून सापडलेलं नाही. मामा, हे सगळं पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. अंबादास आज रात्रीच्या एस.टी.ने हे घेऊन निघतो आहे. तुमच्या पाया पडते, बोर्ड लावू नका. लागला असेल तर वाचून होताच उतरवा.

तिसरा ता.क. (हा मात्र मनात.) मामा, उतरवा, पण पुसू नका. गोठ्यात अक्षरं भिंतीकडे करून ठेवा, ओल लागू देऊ नका. ती जाहिरात वर्षातून दोनदा येते आणि माझ्या वयाची अजून तीन वर्षं आहेत, म्हणजे आणखी सहा अर्ज. तिसरा कालच टाकला. सगळे परत आले, तर पेंटरला सांगून माझं नाव तेवढं खरवडून घ्या, हुद्दा राहू द्या. आपली कुंदा यंदा सातवीत आहे. बापाचं नाव तेच, आडनावही तेच.