पायरीवरची खुंटी आणि नऊ सेंटिमीटर

थोरल्या, तुझे गुडघे कसे आहेत? सूनबाईंचा खोकला थांबला का? मुली, दिवसभर संगणकावर नकाशे जुळवून तुझी पाठ धरली असेल. मधून मधून उठत जा. आणि नदीपलीकडच्या भाऊ, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना?

मी ठणठणीत आहे. म्हणूनच हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाखाली न येता, माझ्या हातानं लिहीत आहे. वय एक्क्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मोजणीच्या वह्यांनी शिकवलं. आधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत, ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहितोय, पण या खेपेला राग माझा माझ्यावर आहे.

कलम १. राहतं घर थोरला आणि मुलगी यांना निम्मं निम्मं. अट एकच: पुढच्या पायरीतली पितळी खुंटी कोणी काढायची नाही, हलवायची नाही. थोरल्या, तू तर तिच्या वाटेलाही जायचं नाहीस. कारण कलम ४ मध्ये.

कलम २. मोजणीची मोठी छत्री सूनबाईंना. गेली कित्येक वर्षं त्या तिच्याखाली कपडे वाळवतात आणि मी कुरकुर करतो. आता बिनधास्त वाळवा. पोलादी टेप मुलीला. दुर्बीण आणि तिची तिपाई पलीकडच्या भाऊला.

कलम ३. नऊ सेंटिमीटरच्या वादावर दोन देशांच्या संयुक्त समितीकडून आलेल्या पत्रांची फाइल, वजन सव्वाचार किलो, समितीच्या अध्यक्षांना परत पाठवावी. अकरा वर्षं दोन्हीकडच्या साहेबांनी कागदी घोडे नाचवले. 'आपले पत्र मिळाले, विचाराधीन आहे.' अहो, एकानं तरी उठून माझ्या घरी येऊन पायरी बघायची होती!

कलम ४. सव्वीस वर्षांपूर्वी दोन्ही देशांनी नदीखोऱ्याचा एकच नकाशा करायचं ठरवलं. पुराचा इशारा दोन्ही काठांना एकाच आकड्यात मिळावा, एवढं साधं काम. आमच्या पायरीतली खुंटी ही उंचीची पक्की खूण; तिच्यापासून नदीपलीकडच्या खांबापर्यंत उंचीतला फरक जाताना मी मोजला, येताना तोच पलीकडच्या देशाचा मोजणीदार, म्हणजे भाऊ, मोजणार होता. निघायच्या दिवशी भाऊ इथंच होता. एकोणीस वर्षांच्या माझ्या मुलीला त्यानं पायरीवर दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पेन्सिलीची रेघ ओढली आणि तारीख टाकली. "काकांची मोजणी आहे, आता वाढायचं नाही हं!" असं म्हणाला.

पुढच्या वर्षी येतानाची मोजणी भाऊनं केली. खुंटीशी पोचलो तर नऊ सेंटिमीटरचा फरक. भाऊ म्हणाला, "दादा, पाणवठ्याच्या कठड्यावरची दुसरी खूण एकदा ताडून बघू या?"

मी म्हणालो, "माझ्या घरची खुंटी आहे, ती काय चालत जाते?"

हाताखालच्या कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उन्हात उभं केलं असतं. दुसऱ्या खुणेवर ताडल्याशिवाय पहिलीवर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. खापर भाऊवर फुटलं. त्याच्या कचेरीनं त्याला गोदामात बसवलं, परत कधी मोजणीला पाठवलं नाही. आणि दोन काठांना आजही पुराचे दोन आकडे मिळतात.

गेल्या महिन्यात मुलगी आली. नातीला जुनी रेघ दाखवायला पायरीवर उभी राहिली, तर रेघ तिच्या भुवईपाशी!

"बाबा, मी पंचेचाळिसाव्या वर्षी उंच कशी झाले?"

टेप लावली. नऊ सेंटिमीटर. थोरल्याला हाक मारली, तर तो शांतपणे म्हणतो, "तुम्ही पलीकडे होतात तेव्हा पुराचं पाणी घरात शिरत होतं, म्हणून पायरी उचलली होती. खुंटी नीट काढून, घासून, होती तशीच बसवली की!" होती तशीच! आणि चकाकती खुंटी बघून मी त्याला शाबासकी दिली होती. थोरल्या, तुझ्यावर राग नाही. मोजणारा तू नव्हतास, मी होतो.

म्हणून लिहून देतो: भाऊची मोजणी बरोबर होती. चूक माझी. या कलमाची प्रत दोन्ही कचेऱ्यांना आणि भाऊला आजच पाठवावी, माझ्या मरणाची वाट बघू नये.

कलम ५. बँकेतल्या शिल्लकेतून आधी भाऊच्या येण्याजाण्याचा खर्च करावा. उरेल ते मुलांचं. तेव्हा राहिलेली ताडणी आता करायची, पाणवठ्याच्या खुणेपासून खुंटीपर्यंत चाळीस पावलं आहेत. दुर्बिणीतून तो बघेल, खुणेवर आकड्यांची उभी पट्टी मी धरीन. मी नसलो तर मुलगी धरेल.

साक्षीदार:
१. समोरचा सायकल दुरुस्तीवाला (पायरी उचलताना पहार यानंच दिली होती, आता म्हणतो आठवत नाही)
२. डॉक्टरीणबाई (डोकं ठिकाणावर असल्याचं यांनी तपासून सांगितलं)

सही: मुलांचे बाबा, भाऊचा दादा
ठिकाण: घराची पायरी, जुन्या नोंदीहून नऊ सेंटिमीटर वर
दिनांक: १४ ऑक्टोबर

भाऊ, मृत्युपत्राला कोणी उत्तर देत नाही, ठाऊक आहे. तू दे. दोन ओळी, शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर पाठव. पट्टी अजून माझ्या हातात सरळ उभी राहते.